लॅब सोडून एमबीबीएसला जायचंय? पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून मी काही वर्षं लॅबमध्ये काम केलं आणि मग एमबीबीएसला गेले. हे कळल्यापासून पाषाण, गणेशखिंड, हडपसर अशा सगळ्या बाजूंनी फोन येतात. कुणी जेआरएफ (पीएचडी करताना फेलोशिप घेणारं) असतं, कुणी लस कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, कुणी डायग्नोस्टिक लॅबमध्ये. प्रश्न मात्र तेच ते, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. फीचे आकडे आणि नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षीची नीटची आणि राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ नको.

माझं वय 28 आहे. उशीर झाला का?

नियमाने नाही. प्रवेशाच्या वर्षाच्या 31 डिसेंबरला 17 पूर्ण हवीत, एवढीच अट. पूर्वी खुल्या गटाला 25 आणि राखीव गटांना 30 अशी वरची मर्यादा होती आणि त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर 2021 च्या बैठकीत ती काढून टाकली आणि मार्च 2022 मध्ये तसं कळवलं. पुण्यातला ठळक अपवाद म्हणजे वानवडीचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज. तिथे उमेदवार अविवाहित आणि 24 वर्षांच्या आतला लागतो, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ते दार बंदच.

नियम सोडून हिशेब करायचा तर असा करा. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक वर्ष. सरकारी कॉलेजमधून शिकलात तर त्यानंतर एक वर्ष बाँडची, म्हणजे सरकारला लिहून दिलेली सक्तीची सेवा. मग एमडी करायचं तर नीट पीजी आणि आणखी तीन वर्षं. 28 व्या वर्षी लागलीच सीट मिळाली तरी एमडी हातात येईपर्यंत चाळिशी दिसायला लागते. हे ऐकून पोटात गोळा येतो की "मग काय झालं?" असं वाटतं, ते आधी स्वतःशीच बघा.

एमएस्सी किंवा पीएचडीला काही सवलत? थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश?

नाही, नाही आणि नाही. अमेरिकेत पदवीनंतर एमडी करतात आणि ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा कोर्स असतो, पण तसलं काही आपल्याकडे नाही. बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट असली तरी पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीचं जर्नल लिहायचं, सर्टिफाय करून घ्यायचं आणि व्हायव्हाला उभं राहायचं. क्रेब्ज सायकल पुन्हा पाठ करायची. नीटच्या मेरिटमध्येही तुमच्या छापून आलेल्या रिसर्च पेपरांना शून्य किंमत आहे.

उलट, ज्या कागदाकडे तुम्ही दहा वर्षांत ढुंकून पाहिलं नाही तो आता बाहेर काढावा लागतो, म्हणजे बारावीची मार्कशीट. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला 50 टक्के, राखीव गटांना 40 टक्के आणि इंग्रजीत पास. नंतर विद्यापीठात पहिले आला असलात तरी इथे बारावीच चालते.

बारावीला मॅथ्स ग्रुप होता, बायोलॉजी नव्हतंच. मग बायोटेक केलं.

पूर्वी इथेच गाडी अडायची. नोव्हेंबर 2023 च्या आयोगाच्या नोटिशीनंतर बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी जादा विषय म्हणून पास होऊन नीट देता येते. म्हणजे एक वर्ष आधी बोर्डाची परीक्षा. कंटाळवाणं आहे, पण रस्ता आहे.

नीटची बायोलॉजी आम्हाला सोपी जाणार ना?

हा गैरसमज फार महागात पडतो. पेपर 180 प्रश्नांचा, 720 मार्कांचा आणि तीन तासांचा. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. त्यातले 90 प्रश्न म्हणजे 360 मार्क बायोलॉजीचे, म्हणून लॅबवाले निर्धास्त असतात. पण तुम्हाला प्रायमर डिझाइन करता येतो की नाही हे तिथे कुणी विचारत नाही. विचारतात ते एनसीईआरटीच्या पुस्तकातलं वाक्य. कॅस्पेरियन पट्टी कुठल्या थरात असते, जलसंवहनी संस्था कुठल्या संघात असते, अमुक फुलाचं पुष्पसूत्र काय. रोज सेल कल्चर करणाऱ्याला वनस्पतीच्या मुळाचा आडवा छेद आठवत नाही, आणि गेल्या वर्षी बारावी झालेल्या पोराला तो झोपेतही दिसतो. शिवाय आपल्याला जास्त माहीत असल्यामुळे आपण पर्यायांशी वाद घालत बसतो. "तसं प्रत्येक वेळी नसतं" हे संशोधकाचं उत्तर झालं. नीटमध्ये पुस्तकात जे छापलंय तेच बरोबर.

खरी कसोटी फिजिक्सची. बीएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर बहुतेकांनी ते सोडलेलं असतं. रोटेशनल मोशन, करंट इलेक्ट्रिसिटी, ऑप्टिक्स हे हाताने गणितं सोडवल्याशिवाय येत नाही, नुसतं वाचून तर मुळीच नाही. माझा सल्ला असा, की पहिले तीन महिने बायोलॉजीला हात लावू नका. फिजिक्स करा, आणि जोडीला केमिस्ट्रीतला फिजिकलचा भाग.

नोकरी करता करता अभ्यास होतो का?

होतो, पण कामाच्या जातीवर अवलंबून आहे. पीसीआर लावली की दीड तास मोकळा, जेलवर डीएनए पळत असताना पाऊण तास. असे तुकडे एनसीईआरटी वाचायला चालतात, फिजिक्सला नाही. फिजिक्सला सलग वेळ लागतो आणि तो पहाटे किंवा रात्रीच निघतो. शिफ्टमध्ये क्यूसी करणाऱ्यांचे सगळ्यात हाल.

घरी जमत नसेल तर सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिका आहेतच. तिथे आजूबाजूला सगळी एमपीएससीची मंडळी असतात, पण खुर्ची, पंखा आणि शांतता मिळते. क्लासच्या रिपीटर बॅचला जायचं तर एक गोष्ट विचारून घ्या: निव्वळ टेस्ट सिरीज मिळते का? आपल्याला लेक्चरपेक्षा वेळ लावून सोडवलेल्या पेपरांची गरज जास्त असते. पेपर मराठीतूनही देता येतो, पण वर्षानुवर्षं इंग्रजी शब्दांत विचार केलेल्या माणसाने तिथे मराठी पर्याय घेतला तर "परासरण" (ऑस्मॉसिस) आणि "विसरण" (डिफ्यूजन) यांत अडकायला होतं. ज्या भाषेत शिकलात ती घ्या.

पुण्यातच सीट मिळेल का?

हा प्रश्न फक्त पुण्यातली माणसं विचारतात.

सरकारी म्हणाल तर ससूनला जोडलेलं बी. जे. आहे, आणि त्याचा कटऑफ राज्यात वरच्या रांगेत असतो. महापालिकेचं भारतरत्न अटलबिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालय 2022 मध्ये सुरू झालं. नऱ्ह्याचं काशीबाई नवले आणि तळेगावचं मायमर खासगी आहेत. धनकवडीचं भारती विद्यापीठ आणि पिंपरीचं डी. वाय. पाटील ही अभिमत विद्यापीठं. लवळ्याला सिम्बायोसिसचं कॉलेज आहे, ते फक्त मुलींसाठी.

सरकारी कॉलेजांतल्या 15 टक्के जागा देशपातळीवरच्या कोट्यातून जातात आणि 85 टक्के राज्याच्या कोट्यातून. राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाइल लागतं, आणि सर्वसाधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. इंदूरहून बारावी करून पुण्यात पीएचडी करणाऱ्या एका मुलाला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. सहा वर्षं पुण्यात राहिल्याचा कोट्यासाठी काही उपयोग नाही. अभिमत विद्यापीठांची सगळी प्रवेशप्रक्रिया केंद्राच्या एमसीसीकडून (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) होते आणि तिथे डोमिसाइलचा प्रश्न येत नाही. पैशांचा येतो.

पर्यायांची यादी भरताना मिरज, सोलापूर, सातारा, बारामती, अंबाजोगाई मोकळेपणाने टाका. अंबाजोगाईला राहायचं कसं, ही चिंता सीट मिळाल्यावर करता येते.

एकूण खर्च किती?

सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास, होस्टेल आणि मेस वेगळं. अभिमत विद्यापीठात वर्षाला 20 लाखांच्या पुढे, म्हणजे कोर्सचा हिशेब कोटीच्या घरात. मधली खासगी कॉलेजं या दोन्हींच्या मध्ये. पालकांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना 2024 पासून राज्याच्या फीमाफीच्या योजनेत पूर्ण सवलत आहे. त्यात अभिमत विद्यापीठं येत नाहीत. आधीच एक पदवी घेतलेल्या, कमावत्या मुलीला ती कशी लागू होते हे कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या टेबलावर जाऊन विचारा आणि शक्यतो लेखी घ्या.

सरकारी कॉलेजात फीपेक्षा बुडणारा पगार मोठा असतो, आणि तो कुणी मोजत नाही. जेआरएफचे महिन्याला 37,000 अधिक घरभाडे भत्ता येत असतो, तो एका दिवशी थांबतो आणि साडेचार वर्षं खात्यात काहीच येत नाही. इंटर्नशिपमध्ये सरकारी कॉलेजात महिन्याला 18,000 मिळतात. 2024 पर्यंत ते 11,000 होते. वयाच्या तिशीत आईबाबांकडे मोबाइल रिचार्जला पैसे मागायची वेळ येते, आणि ते फीपेक्षा जड जातं. निदान दोन वर्षांचा स्वतःचा खर्च बाजूला काढल्याशिवाय उडी मारू नका.

बाँड मोडायच्या भानगडीत पडू नका. सेवा केलेली बरी. पगारही मिळतो आणि हातही बसतो.

अठरा वर्षांच्या पोरांमध्ये कसं वाटतं?

पहिल्या आठवड्यात ती तुम्हाला लेक्चरर समजतात आणि उठून उभी राहतात. महिन्याभरात "ताई, बायोकेम समजाव ना" सुरू होतं, आणि इंटर्नल्सच्या आधी तुम्ही अख्ख्या बॅचच्या ताई किंवा दादा झालेले असता. होस्टेलचा गोंगाट सहन होत नसेल तर बाहेर खोली घ्या.

अभ्यासात बायोकेमिस्ट्री आणि पुढच्या टप्प्यात मायक्रोबायोलॉजी आपल्याला हलकी जाते. ॲनाटॉमी मात्र सगळ्यांसारखीच नवी. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मालिनने डोळे चुरचुरतात, नसा आणि धमन्या रंगीत नसतात, सगळं एकाच करड्या-तपकिरी रंगाचं असतं. पुस्तकातल्या चित्रावर विसंबलेला माणूस तिथे गोंधळतो. बाकी नियम सगळ्यांना सारखेच. थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी, पहिलं वर्ष पास व्हायला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि अख्खा कोर्स नऊ वर्षांत संपवायचा. "कॉन्फरन्सला जाऊन येते" हे इथे चालत नाही.

मग लॅबमधल्या वर्षांचा उपयोग काय?

प्रवेशाच्या दारात काहीच नाही, वॉर्डात पुष्कळ. मला जे सांगायचंय ते एवढंच, म्हणून इथे जरा थांबते.

लॅबमध्ये असताना लाल झालेला सीरम दिसला की आपण रजिस्टरमध्ये "हिमोलाइज्ड, सॅम्पल पुन्हा पाठवा" लिहून ट्यूब बाजूला ठेवतो आणि वॉर्डवाल्यांच्या नावाने बोटं मोडतो. वॉर्डात गेलं की ती ट्यूब कशी भरली जाते ते दिसतं. वेल्ह्याहून आलेली, तीन दिवस जुलाब झालेली आजी, शीर दोऱ्याएवढी आणि हात थंड. बारीक सुई, मागून जोरात ओढलेली सिरिंज आणि मग त्याच सुईतून घाईघाईने ट्यूबमध्ये सोडलेलं रक्त. तांबड्या पेशी तिथेच फुटणार आणि आतलं पोटॅशियम बाहेर येणार. मग रिपोर्टमध्ये पोटॅशियम 6.8 येतं आणि रात्री दोन वाजता सगळे धावतात. अशा वेळी ईसीजी बघा, सुई काढून ट्यूबच्या भिंतीवरून हळू रक्त सोडा, पुन्हा पाठवा, हे चटकन सुचतं ते लॅबमध्ये राहिलेल्या माणसाला. दोन्ही बाजू पाहिलेला माणूस रिपोर्टवर आंधळा विश्वास ठेवत नाही आणि तो झटकूनही टाकत नाही.

दुसरं उदाहरण जानेवारी 2025 चं. सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात हातपाय लुळे पडत जातात) पेशंट एकापाठोपाठ यायला लागले. शौचाचे नमुने पाषाणच्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्था) गेले आणि काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. त्या जंतूच्या आवरणावरची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या गँगलिओसाइड नावाच्या रेणूंसारखी असते, त्यामुळे जंतूवर सोडलेली प्रतिपिंडं स्वतःच्याच नसांवर उलटतात. इथपर्यंत लॅबवाल्याला सगळं पाठ असतं. वॉर्डात मात्र पलंगाशेजारी उभं राहून पेशंटला सांगायचं, "काका, एक मोठा श्वास घ्या आणि त्याच श्वासात आकडे मोजा." सकाळी पंचवीसपर्यंत जाणारा माणूस दुपारी बारावर थांबतो, आणि व्हेंटिलेटरची तयारी ठेवायची वेळ आली हे यंत्राशिवाय कळतं. गँगलिओसाइड माहीत असलेल्याला ते बारावर थांबणं वेगळं ऐकू येतं. हे दोन्ही एका माणसात असावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर या. गाइडशी पटत नाही, पेपर रिजेक्ट झाला, एक्स्टेन्शन मिळालं नाही, म्हणून येणार असाल तर लॅब बदला. ते पुष्कळ स्वस्त पडतं.

आणि हो, मुलींनो, ॲप्रन-स्टेथोस्कोप सगळं असूनही निम्मे पेशंट तुम्हाला "सिस्टर" म्हणणार. त्यावर चिडायला वेळ नसतो.

पीएचडी अर्धी झाली आहे. सोडू की पूर्ण करू?

थीसिस वर्षभरात सबमिट होत असेल तर पूर्ण करा. एमबीबीएस पूर्ण वेळाचं आहे, "रात्री लिहून काढीन" हे होत नाही. दोन-तीन वर्षं बाकी असतील आणि मन उडालं असेल तर सोडण्यात लाज नाही, पण फेलोशिपच्या अटी आधी वाचा.

परदेशातून लवकर होईल का?

भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर जपून. 2021 च्या नियमांनुसार परदेशातला कोर्स किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा आणि तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिवाय नीट पास, परतल्यावर स्क्रीनिंग परीक्षा आणि इथे पुन्हा इंटर्नशिप. पदवीधरांसाठीचा चार वर्षांचा कोर्स 48 महिन्यांतच संपतो, तेव्हा हिशेब तिथेच चुकतो. एजंट हे सांगत नाहीत.

डॉक्टर न होता पेशंटच्या जवळ जाता येईल असं काही?

येतं, आणि मला फोन करणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर हेच हवं असतं. मेडिकल कॉलेजांमध्ये ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी या विषयांत तीन वर्षांची एमएस्सी मेडिकल असते. त्यानंतर पीएचडी करून तिथे शिकवण्याचा रस्ता मधल्या काळात आयोगाने अरुंद केला होता. 2025 च्या प्राध्यापक पात्रतेच्या नियमांनी तो पुन्हा थोडा रुंद केला. लसींच्या आणि औषधांच्या चाचण्यांमध्ये कोऑर्डिनेटर, मॉनिटर अशी कामं असतात. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं शिरूर तालुक्यातल्या वढू इथलं केंद्र अशाच कामासाठी ओळखलं जातं. तिथे तुम्ही गावात जाता, आजी-आजोबांना संमतीपत्र समजावता, सॅम्पल गोळा होताना हजर असता. जेनेटिक काउन्सेलिंग हाही वाढता विषय आहे.

फक्त डायग्नोस्टिक लॅबच्या रिपोर्टवर सही करायचा अधिकार हवा म्हणून एमबीबीएसकडे बघत असाल, तर तुमची चिडचिड मला समजते. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट पॅथॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरच्याच सहीने जावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निर्णय आहे. पण एका सहीसाठी नऊ-दहा वर्षं? विचार करा.

शेवटी एमडी पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीच केलं तर?

करतात की लोक, आणि पुन्हा लॅबमध्येच येतात. घरचे कपाळाला हात लावतात, एवढंच.

राजीनामा कधी द्यायचा?

नीटचा फॉर्म भरला म्हणून देऊ नका, निकाल लागला म्हणूनही देऊ नका. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या) फेरीत सीट लागून कॉलेजात रिपोर्टिंगची तारीख आली की द्या. नोटिस पीरियड किती आहे ते मात्र आजच बघून ठेवा, कारण रिपोर्टिंगला चार-पाच दिवसच मिळतात आणि तीन महिन्यांची नोटिस असेल तर रजा, पगार कापून घेणं, विनंतीअर्ज असं सगळं आधीच बोलून ठेवावं लागतं.

तोवर कागद जमवा: बारावीची मार्कशीट, डोमिसाइल, असल्यास जात वैधता, मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र, आणि शेवटच्या कॉलेजची टीसी. पुणे विद्यापीठातून नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात जायचं म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं. त्यासाठी मे-जूनमध्येच अर्ज करा, प्रवेशाच्या दिवसांत त्या खिडकीपुढची रांग पार बाहेरपर्यंत येते.